न्हाणीच्या रंगाची कारणे द्या

माझं लग्न न्हाणीच्या भिंतीवर अडलं होतं. लोकांची लग्नं हुंड्यावर अडतात, मानपानावर अडतात, आमच्या ख्रिस्ती लोकांत कोण कुठल्या चर्चचं यावरूनही अडतात. माझं अडलं ते जमिनीपासून दीड हात उंचीवरच्या सुपाएवढ्या जागेवर. त्या जागेचा रंग पोपडे होऊन निघत होता आणि तो का निघतो हे कळेपर्यंत माझे वडील मला कृपादानच्या घरी पाठवायला तयार नव्हते.

वडील म्हणजे यशया मास्तर. पाथर्डीत ते शाळेचे हेडमास्तर होते आणि घरी आल्यावरही हेडमास्तरच राहत. 'कारणे द्या' हा त्यांचा लाडका प्रश्न. भाजीत मीठ जास्त झालं तर आई उत्तर द्यायची, भाऊ याकोब उशिरा आला तर तो द्यायचा. मी, दया, त्याच शाळेत लहान मुलांना शिकवत होते, तरी मलाही सूट नव्हती. उत्तर बरोबर आलं की ते दहापैकी मार्क सांगत. दहा मात्र त्यांनी आजवर कुणाला दिले नव्हते. दहा दिले की माणूस फुगतो, असं त्यांचं म्हणणं.

कृपादान आमच्या शाळेत आला तो फळे काळे करायला. शेवगावकडचा पोरगा, पंचवीस-सव्वीसचा. लढाईच्या वर्षांत नगरच्या लष्करी कँपात दारं-खिडक्या रंगवून हात तयार झालेला. फळा वाळेपर्यंत मी माझा वर्ग लिंबाखाली बसवला होता. खडू उमटतो का बघा, असं म्हणून त्यानं मला आत बोलावलं. मी फळ्यावर 'कमळ' लिहिलं. तो म्हणाला, अक्षर लई चांगलं हाय, पुसवत न्हाई. एवढ्यावर मी भाळले. आता हसू येतं, पण तेव्हा हसू आलं नव्हतं हे खरं.

पुढे दोन-तीन महिन्यांनी तो एकटाच आमच्या घरी आला, दारात उभं राहून सलाम केला आणि मागणी घातली. सोबत ना वडीलधारं माणूस, ना नारळ. त्याला आईबाप नव्हते. आईला पोरगा आवडला. बाबांनी त्याला ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की माणसाचं काम नवं असताना बघू नये, काही आठवड्यांनी बघावं. नगरला एका बंगल्यात त्यांनी तैलरंग दिलेली न्हाणी पाहिली होती. पाणी मारलं की भिंत लख्ख. तेव्हापासून त्यांच्या मनात ते घर करून होतं. फळा कुणीही रंगवील, ओल्या जागी रंग टिकवून दाखव, मग बोलू, असं ठरलं. परीक्षेचा पेपर काढल्यासारखं बाबांचं तोंड खुललं होतं.

मी आतल्या खोलीतून ऐकत होते. मला राग आला. माणूस पारखायला दुसरी जागा मिळाली नाही का यांना?

ही गोष्ट पंचेचाळीस सालच्या नोव्हेंबरातली. कृपादाननं न्हाणीचा जुना गिलावा विटेपर्यंत खरवडला, नव्या चुन्याचा गिलावा केला आणि आठव्या दिवशी वर रंग दिला. फिकट हिरवा, कच्च्या कैरीच्या आतल्या अंगासारखा. नाताळ तोंडावर आला होता आणि त्याला नाताळच्या आत परीक्षा उरकायची होती. वस्तीतल्या बायका न्हाणी बघायला येऊन गेल्या. एकीनं तर विचारलं, इथं खरंच आंघोळ करायची का?

नाताळच्या सकाळी भिंत सोलून निघाली. भाजलेल्या पापडासारखे फुगे आले होते. हात लावला की सबंध पोपडा हातात. बाबांनी न्हाणीच्या दारातच विचारलं, कारण? कृपादान मान खाली घालून म्हणाला, घाई केली. गिलावा आत ओला होता, वरून रंगानं त्याचं तोंड बंद केलं, ओल बाहेर पडायला बघत होती. बाबांनी तीन मार्क दिले. कबूल केल्याचे.

दुसऱ्या खेपेला त्यानं घाई केली नाही. पुन्हा गिलावा केला आणि महिनाभर भिंत उघडी ठेवली. रोज आत शेगडी पेटवून ठेवायची, बाहेरच्या अंगाला भिंतीला टेकलेला रांजण उचलून लांब ठेवला. आम्ही मोठी माणसं परसात तट्ट्याच्या आडोशाला आंघोळी करायला लागलो. थंडीचे दिवस. बाबा कुडकुडत यायचे आणि कृपादानच्या नावानं काहीतरी पुटपुटायचे. न्हाणीत आंघोळ फक्त एकाची व्हायची, याकोबच्या बाळाची. मरियावहिनीला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं होतं. तान्ह्या बाळाला वाऱ्यात कसं न्हाऊ घालणार?

बाळाला न्हाऊ घालायला गोजरबाई यायची. ती मूळची मढीची, कानिफनाथाच्या गावची. कपाळाला हे भलं मोठं कुंकू, आवाज खणखणीत. वस्तीतली निम्मी पोरं तिनं पायावर घेतलेली, त्यात याकोब आणि मीही आलो. पूर्वी तिला कुणी टोकायचं की तू ख्रिस्ती लोकांच्या घरात जातेस. ती म्हणायची, न्हाताना समदी पोरं सारखीच रडत्यात. कृपादाननं तिला हात जोडून बजावलं होतं की बाई, भिंतीला पाणी लागू देऊ नका. आणि गोजरबाई एकदा ऐकलं की ऐकलंच. तिनं न्हाणीतला बसायचा दगड पुढे ओढून घेतला, पाण्याची धार इतकी जपून सोडायची की थेंब भिंतीवर उडत नसे. बाळ मात्र तेलानं न्हायचं. टाळूला, छातीला, पायांना वाटीभर खोबरेल.

महिन्यानंतर कृपादाननं दोन हात रंग दिला. तो तीन भिंतींवर बसला, चौथीवरही बसला. फक्त दगडाच्या उजव्या अंगाला, बसल्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, सुपाएवढी जागा पंधरा दिवसांत सोलली. तेवढीच जागा. तिच्या चारी बाजूंना नखानं खरवडलं तरी रंग हलत नव्हता.

कारण? कृपादानला सांगता येईना. त्यानं ती जागा हुंगली, जिभेला लावून बघितली, बाहेरून भिंत ठोकली. बाबा म्हणाले, "कुठंतरी पाणी मुरतंय." आता हे आपण माणसाच्या मनात काही काळंबेरं असलं की म्हणतो. बाबांना भिंतीबद्दल म्हणायचं होतं की कृपादानबद्दल, हे मला त्यांच्या तोंडावरून ओळखता आलं नाही. कृपादाननं ते स्वतःवर घेतलं. जेवण न करता गेला.

त्याच आठवड्यात नगरहून एका कारकुनाचं स्थळ आलं. मुलगा कचेरीत, पायात बूट, घरचं बरं. ईस्टरनंतरच्या सोमवारी ते लोक बघायला येणार म्हणून बाबांनी पत्र लिहून टाकलं. त्याआधी कृपादानला एक शेवटची संधी मिळणार होती. पोपडे निघाले तर कारकून. मी त्या रात्री आईच्या कुशीत तोंड खुपसून रडले. वीस वर्षांची मास्तरीण, पण रडले. आई म्हणाली की भिंतीवर विश्वास ठेव आणि देवावरही, पण आधी देवावर.

तिसऱ्या खेपेला कृपादाननं तेवढीच जागा पुन्हा विटेपर्यंत खणली, भरली आणि वाळत ठेवली. फेब्रुवारी संपत आला होता. आमचे चर्चच्या उपासाचे दिवस जवळ आले होते आणि तिकडे मढीला देवाला तेल लावलं होतं. यात्रेच्या आधी हे तेल लागलं की मढीच्या लोकांचा नेम सुरू होतो. घरात तळण नाही, लग्नकार्य नाही. गोजरबाई राहायला पाथर्डीत असली तरी नेम मढीचाच पाळायची आणि चार पावलं पुढे जाऊन पाळायची. देवाला तेल लागलं की ती स्वतः तेलाला बोटही लावत नसे. बाळाला त्या दिवसांत नुसतं दूध आणि मसुराचं पीठ. आई कुरकुरली की पोराचं अंग कोरडं पडेल. गोजरबाई म्हणाली की नाथाची पोरं काय कोरडी पडलीत?

भिंत वाळली. रंग चढला. आठ दिवस गेले, पंधरा गेले, तीन आठवडे गेले. मी रोज शाळेत जाण्याआधी न्हाणीत वाकून त्या जागेवरून बोट फिरवायची. गुळगुळीत. मला इतका आनंद झाला की पोरांना दोन दिवस पाढेच म्हणायला लावले नाहीत.

बाबांनी चष्मा लावून, दिवा जवळ धरून भिंत तपासली. मग कृपादानला ओसरीवर बसवून विचारलं, रंग टिकला, ठीक आहे. मागच्या खेपेला का निघाला आणि या खेपेला का टिकला?

आता तो काहीही सांगू शकला असता. चुना जुना होता, टर्पेंटाईन खराब निघालं, थंडी होती. बाबांना रंगकामातलं ओ का ठो कळत नव्हतं. मी दाराआडून मनातल्या मनात त्याला सांगत होते की अरे काहीतरी बोल.

"मास्तर, मला ठाऊक न्हाई," तो म्हणाला. "दोन्ही खेपेला सारखंच काम केलंय."

बाबा म्हणाले की मग हे शेजाऱ्याचं बघून लिहिलेलं उत्तर झालं. आज बरोबर आलं, उद्या येईलच असं नाही. ईस्टरपर्यंत कारण आण. कृपादाननं बरं म्हटलं आणि डबा उचलला. मला बापाचाही राग आला आणि त्याचाही. एक खोटं बोलला असता तर काय आभाळ कोसळलं असतं! पण तो गेल्यावर माझ्या मनात आलं, संसार याच्याशीच करावा. खोटं सहज खपलं असतं तरी बोलला नाही, असा माणूस मला दुसरा कुठे मिळणार होता.

पाडवा झाला, मढीची यात्रा पांगली. गोजरबाई रेवड्या घेऊन परतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत बसली. माझ्या शाळेच्या परीक्षा आटोपल्या होत्या, म्हणून मी पहिल्यांदाच त्या वेळी घरात होते. एरवी मी शाळेत, बाबा शाळेत, याकोब कामावर, रविवारी आम्ही तिघंही चर्चमध्ये. बाळंतिणीच्या न्हाणीकडे पुरुषमाणूस फिरकत नाही. वहिनी आणि आई रोज तिथेच असायच्या, पण रोजचं कुणाला दिसतं?

मी गरम पाण्याची घागर घेऊन आत गेले. गोजरबाईनं नेम सोडला होता. बाळ पायांवर पालथं, तेलानं चकचकीत. पाठ रगडून झाली, तिनं हात वर केला आणि न बघता उजव्या बाजूच्या भिंतीला पुसला. पाचही बोटं, वरून खाली. मग थबकली, भिंतीकडे बघितलं. तेलाचे थेंब रंगावरून ओघळून खाली येत होते.

"ही भिंत लई माजली," ती म्हणाली. "आदी कशी गप तेल पीत हुती. आता पीतच न्हाई."

घागर माझ्या हातातून सुटली नाही हे नशीब. मी तिला विचारलं, गोजरबाई, तू रोज इथे हात पुसतेस? ती माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. तान्ह्याच्या अंगाचं तेल जमिनीवर पडून कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं का? लुगड्याला पुसायचं का? भिंतीलाच पुसतात, तिच्या आईनं पुसलं, तिनं पुसलं. तुझंबी हितंच पुसलंय, ती म्हणाली, तू लई वळवळी हुतीस.

म्हणजे महिनाभर भिंत उघडी असताना तिनं पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता, कारण पाणी लावू नका असं सांगितलं होतं. तेलाचं कुणी बोललंच नव्हतं. कोरडा चुना रोज खोबरेल पीत राहिला आणि कृपादाननं बिचाऱ्यानं त्या तेलकट जागेवर रंग चढवला. तिसऱ्या खेपेला भिंत उघडी होती तेव्हा मढीचा नेम चालू होता. माझा रंग कानिफनाथानं टिकवला म्हणायचा.

मी तशीच निघाले. डोक्यावर पदर धड नाही, पायात वहाणा नाहीत. भर बाजारात एका दुकानाच्या फळ्या रंगवत कृपादान उभा होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, आत्ता चल, बाबांना सांग, तू शोधलंस म्हणून सांग. तो हातातला कुंचला तसाच धरून उभा राहिला. आधी त्याचे डोळे मोठे झाले, मग तो एवढ्या मोठ्यानं हसला की दुकानदार बाहेर आला.

बाबा ओसरीवर पेपर तपासत होते. कृपादान समोर उभा राहिला आणि म्हणाला, "कारण मिळालं, मास्तर. पन ते माझं न्हाई. दयाबाईंनी शोधलंय."

मी कपाळाला हात लावला. बाबांनी टाक खाली ठेवला, चष्म्यावरून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. माझ्या धुळीनं भरलेल्या पायांकडेही बघितलं. मग सांग म्हणाले. मी सांगितलं. शेवटी कृपादाननं हळूच पुस्ती जोडली की मास्तर, पाणी न्हवतं मुरत, तेल मुरत हुतं.

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. यशया मास्तर हसताना आवाज करत नसत, त्यामुळे आईला वाटलं त्यांना ठसका लागला, ती पाणी घेऊन धावत आली.

पण तेवढ्यात आतून गोजरबाई आली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी. तिनं दारातून सगळं ऐकलं होतं. जी पोर पायावर न्हाऊ घातली तिचंच लग्न माझ्या हातानं अडलं, म्हणून ती हुंदके द्यायला लागली. आम्ही समजूत काढली. ती जरा थांबली आणि मग तिला मुद्दा सुचला. ह्याच्या रंगातबी तेलच हाय म्हनत्यात, मग माझ्या त्यालानं का बिघडावं? कृपादान तिच्यासमोर उकिडवा बसला आणि समजावलं की रंगातलं अळशीचं तेल वाळून घट्ट होतं, खोबरेल वाळत नाही, म्हणून रंगाला खाली पाय रोवता येत नाही. गोजरबाईला ते पटलं. तिचं दुःख मात्र वेगळंच होतं. आता भिंत तेल पीत नाही, ओघळ खाली येतो, पोराचं तेल पायाखाली जातं. मग मी हात पुसू कुठं?

कृपादान उठला, न्हाणीत गेला. खरवडण्याचा आवाज आला. बाबा धावले, मागोमाग मी. दगडाच्या उजव्या अंगाला, ज्या जागेनं आम्हाला दोन महिने छळलं होतं तिच्या बरोबर मधोमध, त्यानं टिकलेला रंग पत्र्यानं खरवडून काढला होता. हाताच्या पंजापेक्षा थोडी मोठी, चौकोनी जागा. खाली पांढरा चुना.

"ही गोजरबाईंची," तो म्हणाला. "हितं रंग लावायचा न्हाई."

मी तोंडाला पदर लावला. ज्या रंगावर त्याची बायको ठरायची होती तो त्यानं एका म्हातारीच्या हातासाठी खरवडला होता, तेही बाबांनी मार्क द्यायच्या आधी.

बाबांनी चौकोन बघितला. आजूबाजूचा रंग नखानं टोकरून बघितला, निघाला नाही. मग गंभीर तोंडानं निकाल सांगितला. नऊ. एक मार्क कापला, भिंत अर्धवट सोडल्याबद्दल. नगरच्या लोकांना येऊ नका म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी पत्र टाकलं. त्या पत्रात कारण काय लिहिलं ते त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही.

मे महिन्यात आमचं लग्न झालं. गोजरबाईनं माझ्या हळदीला इतकं तेल लावलं की कृपादान म्हणाला, आता हिच्यावरबी रंग बसायचा न्हाई.

पुढच्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. मुलगी झाली. बाराव्या दिवशी सकाळी गोजरबाई न्हाणीत बसली, पाय पसरले, पोर पायांवर घेतली. मी शेजारी पाटावर. हिरवा रंग तसाच होता, कुठे रेघ नाही. गोजरबाईनं पोरीची पाठ चोळली आणि सवयीनं हात चौकोनाकडे नेला.

तेलानं काळपट झालेल्या चौकोनात खडूनं काहीतरी लिहिलेलं होतं. बाबांचं अक्षर मी अंधारातही ओळखलं असतं. पहाटे, कुणी उठायच्या आत, ते न्हाणीत येऊन गेले होते.

दहापैकी दहा.

गोजरबाईला वाचता येत नव्हतं. मी थांब म्हणेपर्यंत तिचा हात वरून खाली आला, आणि माझ्या लेकीच्या अंगाचं तेल त्या आकड्यांसकट भिंतीत मुरलं.